वाचकांचे प्रश्न : बोरीबंदरचा घुमट

प्रश्न : मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस मुळात स्थानक म्हणूनच बांधले होते का?

उत्तर : होय, परंतु केवळ स्थानक म्हणून नव्हे. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली, त्या बोरीबंदरच्या परिसरात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्यालय आणि स्थानक यांसाठी ही वास्तू 1878 ते 1888 या काळात उभारली गेली. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी व्हिक्टोरियन गॉथिक शैलीला भारतीय घटकांची जोड दिली. नक्षीकामात सर जे. जे. कलाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचाही हात होता. घुमटावर 'प्रगती'चा पुतळा असून प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचे प्रतीक असलेला सिंह आणि भारताचे प्रतीक असलेला वाघ बसवले आहेत, जे घाईतल्या प्रवाशाच्या नजरेतून हमखास निसटतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश 2004 मध्ये झाला.