निधी मर्यादित असेल तर वीज, पाणी, दळणवळण यांपैकी कशाचे संरक्षण आधी करावे?

जे ठिकाण बंद पडल्यास सर्वाधिक लोकांची सेवा खंडित होते आणि ज्याची दुरुस्ती सर्वांत लांबते, त्याला पहिला क्रम द्यावा. तिथे हल्ला होण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यानंतरचा. जोखीम म्हणजे धोका (हल्ला होण्याची शक्यता), असुरक्षितता (तो यशस्वी होण्याची शक्यता) आणि परिणाम (त्यातून होणारे नुकसान) यांचा गुणाकार, असे सूत्र सर्रास वापरले जाते, पण त्यातला धोक्याचा आकडा सर्वांत कच्चा असतो, कारण हल्लेखोर बंदोबस्त पाहून लक्ष्य बदलतो, आणि पूर किंवा भूकंप तसे करत नाही. परिणाम मात्र बऱ्यापैकी मोजता येतात. त्यासाठी एकेक ठिकाण बंद पडले असे कागदावर गृहीत धरून पर्यायी मार्ग उरतो का, हे तपासावे. एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील मेटकाफ वीज उपकेंद्रावर गोळीबार होऊन १७ ट्रान्सफॉर्मर निकामी झाले, तरी वीज अन्य मार्गांनी वळवता आल्यामुळे मोठ्या भागाचा पुरवठा खंडित झाला नाही. दुरुस्तीला मात्र जवळपास महिना लागला. म्हणून कुंपण आणि कॅमेरे यांच्या बरोबरीने, माझ्या मते त्यांच्याही आधी, राखीव ट्रान्सफॉर्मर, पर्यायी जोडण्या आणि पुरवठा पूर्ववत करण्याचा नियमित सराव यांवर खर्च व्हावा. (वादळातही हेच उपयोगी पडत असल्याने हा खर्च मंजूर करून घेणे तुलनेने सोपे जाते.) अपवाद एकच: जलशुद्धीकरण केंद्रातील क्लोरीन वायूच्या साठ्यासारखे जे ठिकाण फुटल्यास थेट जीवितहानी होते, तिथे पर्यायी पुरवठ्याने भागत नाही, तिथे साठाच कमी करावा किंवा सोडियम हायपोक्लोराइटसारखा कमी धोक्याचा पदार्थ वापरावा.