कीवा की ब्रॅनवेन?

कार्डिफहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मावशी, मी मूळची सांगलीची, लग्नानंतर इथेच आहे. सातवा महिना चालू आहे आणि मुलगी आहे, हे सोनोग्राफीत कळलंय. सासूबाई आयर्लंडमधल्या डोनेगलच्या, सासरे वेल्समधल्या कारमार्थनशायरचे, घरी वेल्शच बोलणारे. सासूबाईंना नातीचं नाव कीवा हवंय, सासऱ्यांना ब्रॅनवेन. ब्रॅनवेन ऐकताच सासूबाईंचा चेहरा उतरला, पण कारण सांगत नाहीत. नवरा म्हणाला, दोन्ही नावं जोडून टाकू आणि कीवाचं स्पेलिंग इंग्रजांना वाचता येईल असं सोपं करू. त्यावर सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. 'माझ्या आजीला घरी सोरखा म्हणायचे आणि कागदावर सारा लिहून ठेवलं होतं. पुन्हा तेच करणार का?' एवढंच बोलल्या. इकडे आई फोनवर म्हणते, 'कीवा? अगं, लोकांना कीव येईल पोरीची!' शिवाय तिला पत्रिकेतलं अक्षर हवंय. माझ्या नावाची ऑफिसात रोज मोडतोड होते, ते मुलीच्या वाट्याला यायला नको असंही वाटतं. या सगळ्यात मी कोणाला काय सांगू? (माझ्या आजीचं नाव तारा होतं. पण एवढ्या गर्दीत ते कुठे बसणार.)"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या सासूबाई ताटावरून उठल्या ते कीवा हे नाव नाकारलं गेलं म्हणून नाही. स्पेलिंग बदलण्याची गोष्ट निघाली म्हणून उठल्या. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि घरात सगळ्यांनी त्यांची गल्लत केलेली दिसते.

आयर्लंडमध्ये 1864 पासून सर्वांची जन्मनोंदणी सक्तीची झाली. राज्य ब्रिटिशांचं, दप्तर इंग्रजी. घरात सोरखा असलेली मुलगी कागदावर सारा व्हायची, डिअरमिड जेरेमाया व्हायचा, टाइगचा टिमथी व्हायचा. या जोड्यांमध्ये अर्थाचा काही संबंध नव्हता. कानाला जरासं जवळचं वाटेल ते इंग्रजी नाव चिकटवलं जायचं. माणूस जन्मभर दोन नावांनी जगायचा आणि सरकारी कागदावर, शाळेच्या हजेरीत खरं नाव कुठेच नसायचं. त्यामुळे नवऱ्याने प्रेमाने सुचवलेलं सोपं स्पेलिंग सासूबाईंच्या कानाला काय वाटलं असेल, याचा विचार कर. आयरिश स्पेलिंग डोळ्यांना विचित्र दिसतं खरं. कीवा म्हणे सी-ए-ओ-आय-एम-एच-ई! पण ते मनमानी नाही. एम आणि एच एकत्र आले की बहुतेक ठिकाणी व वाजतो, बी आणि एच आले की तसंच. म्हणून शिवॉन या नावात कुठेही व्ही सापडत नाही. नियम त्या भाषेचे आहेत, इंग्रजीचे नाहीत, इतकंच.

म्हणून नवऱ्याला माझ्यातर्फे सांग, नाव कोणतंही ठेवा, त्याचं स्पेलिंग ज्या भाषेतलं नाव आहे त्याच भाषेचं ठेवा. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आता सासरे. त्यांची बाजूही तितकीच खोल आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांमध्ये वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोललं की पाटी त्याच्या गळ्यात जायची, आणि शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल त्याला मार. मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला लावणारी शिक्षा होती ती. आजही, 2021 च्या जनगणनेनुसार, वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे 17.8 टक्केच आहेत, म्हणजे सुमारे 5 लाख 38 हजार. त्यात तुझे सासरे एक. नातीला हाक मारताना आपल्या भाषेतलं नाव तोंडात यावं, असं त्यांना वाटणारच.

पण ब्रॅनवेन ऐकून सासूबाईंचा चेहरा का उतरला असावा, ते मला वाटतं सांगता येईल. ब्रॅनवेन ही वेल्शमधल्या मध्ययुगीन कथांतली राजकन्या. तिचं लग्न होतं ते आयर्लंडच्या राजाशी. तिचा सावत्र भाऊ लग्नाच्या वेळीच रागाने पाहुण्यांचे घोडे कापून विद्रूप करतो आणि त्या अपमानाचा सूड सासरी तिच्यावर उगवला जातो. राणीला मुदपाकखान्यात राबवतात, खाटीक रोज तिच्या कानशिलात मारतो. ती एक साळुंकीच्या जातीचा पक्षी पाळून, त्याला बोलायला शिकवून माहेरी निरोप धाडते. मग युद्ध. वेल्सचे सातच जण परततात, आयर्लंडमध्ये पाच गरोदर बायका सोडून कोणी उरत नाही, आणि दोन देश आपल्यापायी उद्ध्वस्त झाले या दुःखाने ब्रॅनवेनचं हृदय फुटतं. सासऱ्यांना त्यात वेल्स आणि आयर्लंडचं नातं दिसत असेल. सासूबाईंना दिसतात ते सुनेला छळणारे आयरिश लोक, म्हणजे त्यांचे स्वतःचे! आपल्याकडेही सीता नाव सुंदर, पण ते ठेवताना एखादी आजी थबकतेच ना? नाव वाईट नाही. वेल्समध्ये ते मानाने ठेवतात. फक्त तुमच्या घरासाठी ते नको असं माझं मत आहे, आणि सासऱ्यांना हे कारण मोकळेपणी सांगितलंस तर तेही समजतील.

दोन्ही नावं जोडून एक करणं मला अजिबात पटत नाही. आयरिश आणि वेल्श या दोन्ही केल्टिक भाषा खऱ्या, पण शाखा वेगळ्या. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स एका बाजूला, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन दुसऱ्या बाजूला. एकीचा माणूस दुसरीचं बोलणं समजू शकत नाही. 'केल्टिक नावं' म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांत सगळ्यांची सरमिसळ असते. त्या याद्यांवर वेळ घालवू नकोस. तुझ्या घरात त्या भाषा जगलेली दोन माणसं बसली आहेत, त्यांना विचार. आणि नाव म्हणजे वडिलोपार्जित जमीन नव्हे, की प्रत्येकाचा हिस्सा मोजून सातबाऱ्यावर चढवलाच पाहिजे.

त्यापेक्षा, जे नाव एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आधीच गेलं आहे, असं शोधावं. असं एक आहे. आयरिश कथेत फिन मॅककूल या वीराचा मुलगा आहे ओशीन. त्याला पांढऱ्या घोड्यावरून चिरतारुण्याच्या देशात, तीर ना नोगला घेऊन जाते ती सोनेरी केसांची नीव. तिथली त्याची वर्षं म्हणजे इथली तीनशे वर्षं. घरच्या ओढीने तो परत येतो, घोड्यावरून खाली पडतो, आणि मातीला अंग लागताच म्हातारा होतो. ही कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. ग्विन जोन्स यांनी वेल्श कवितेत आणली आणि नीवचं वेल्शमध्ये झालं निया. पुढे वेल्समध्ये हे मुलींचं लाडकं नाव झालं, तसंच ओशीनचं ओशान हे मुलांचं. 1974 साली कारमार्थनला भरलेल्या राष्ट्रीय आइस्टेडफॉडमध्ये, म्हणजे वेल्श भाषेच्या सर्वांत मोठ्या उत्सवात, याच नियावर वेल्श रॉक ऑपेरा झाला होता. तुझे सासरे त्याच भागातले! त्यांना विचारून तर बघ.

मी सुचवते ते असं: कागदावर आयरिश नीव, एन-आय-ए-एम-एच, एकही अक्षर न बदलता. हाक मारायला निया. सासूबाईंना कागदावरचं नाव शाबूत हवं आहे आणि सासऱ्यांना तोंडातलं. तू म्हणशील, हे तर सोरखा आणि साराचंच झालं. नाही. तिथे एक नाव दुसऱ्याने पुसलं होतं. इथे दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत, एकाच गोष्टीतली, आणि दोन्ही घरातल्यांनी राजीखुशीने ठेवलेली. तरीही सासूबाईंना हे खटकलं, तर कागदावर निया ठेव आणि कीवा मधलं नाव म्हणून, मूळ स्पेलिंगसह. पण आधी त्यांच्याशी एकटीने बोल, नवऱ्याला बरोबर न घेता. सोरखा आजीबद्दल विचार. त्यांनी ती गोष्ट अजून पुरती सांगितलेलीच नाही, असं मला पत्रावरून वाटतं.

उच्चाराची मोडतोड होईल का? नीव वाचताना थोडी होईल, वेल्स-आयर्लंडमध्ये कमी, बाहेर जास्त. निया ऐकून कोणी अडणार नाही. सांगलीला तर 'नियाला भूक लागली' म्हणायला आईला एक दिवसही लागणार नाही. कीवाबद्दल आई म्हणाली ते मात्र अगदीच चूक नाही. कीव या शब्दाची सावली मराठी घरात पडणारच.

आता पत्रिकेतलं अक्षर. त्यासाठी भांडू नकोस. आपल्या नामकरणात मुळात देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावं सांगितलेली आहेत. अक्षरावरून येणारं जन्मनाव पाळण्यात कानात सांगायचं, व्यवहाराचं नाव वेगळं. आणि कानात सांगण्याचा मान आत्याचा. नवऱ्याला बहीण असेल तर तिला बोलव आणि कुर्रर्र करायला शिकव. चुलत बहीणही चालेल.

आणि तारा. सगळ्या पत्रात तू स्वतःसाठी एवढं एकच मागितलंस, तेही कंसात लिहून. मला त्याचं फार वाईट वाटलं. पोटात वाढवते आहेस तू, आणि जागा मागताना इतका संकोच? मधलं नाव वडिलांचं ही आपली रीत आहे, पण तुझ्या मुलीला ती लागू असण्याचं कारण नाही. (वेल्समध्येही पूर्वी अशीच रीत होती बरं का. मुलाच्या नावापुढे 'ॲप' लावून बापाचं नाव. ॲप रीसचं पुढे प्राइस हे आडनाव झालं, ॲप हाउएलचं पॉवेल.) तेव्हा मधलं नाव तारा ठेव; कीवाही मधे घ्यावं लागलं, तर त्याच्या जोडीला. योगायोग असा, की आयर्लंडच्या मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, जुन्या आयरिश सर्वोच्च राजांची गादी मानली जाणारी, आणि त्यावरून तिकडे मुलींचं नावही तारा ठेवतात. सासूबाई म्हणतील, ते इंग्रजी रूप, आयरिश नाव टौर. बरोबरच आहे. पण तू ते टेकडीसाठी ठेवत नाहीयेस. तुझ्या आजीसाठी ठेवते आहेस, आणि तसंच सांग. पटवून देण्यासाठी टेकडीचा आधार घेऊ नकोस.

घाईही करू नकोस. वेल्समध्ये जन्मनोंदणीला 42 दिवस मिळतात, आपल्या सव्वा महिन्याहून थोडे जास्तच. बारसं आधी करून, हाका मारून बघून मग नोंदणीला गेलात तरी चालेल. कायद्यात नोंदणीनंतर 12 महिन्यांच्या आत नाव बदलून घेण्याचीही सोय आहे. नोंदणीला जाताना मात्र पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ने आणि सही करण्याआधी एकेक अक्षर ताडून बघ. चूक राहिली तर दुरुस्तीचा व्याप मोठा असतो. जमलं तर त्या दिवशी सासूबाईंना बरोबर घेऊन जा.

तुझी,
मावशी