विरजणाला दुधात काय कमी पडतं?

प्रश्न : ताई, आमच्या घरी एक म्हैस आहे. परवा निरसं दूध नुसतं कोमट करून विरजण लावलं. सकाळी दही पातळ आणि पाणी सुटलेलं. सासूबाई म्हणतात, दूध उकळल्याशिवाय दही नीट लागत नाही. पण उकळल्यावर दुधातलं सत्त्व जातं ना? मग विरजणाला उलट कमीच मिळायला हवं. चमचाभर साखर घालून बघू का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : साखर नको. म्हशीच्या दुधात लॅक्टोज ही साखर पाच टक्क्यांच्या आसपास असते आणि दही लागलं तरी तिच्यातली बरीचशी शिल्लकच राहते. उणीव आहे ती वेगळीच.

विरजणातले जिवाणू खाण्याच्या बाबतीत फार परावलंबी. कित्येक अमिनो आम्लं आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं त्यांना आयती लागतात. दुधात प्रथिनं भरपूर, पण त्यातली बरीचशी केसिनच्या, म्हणजे अमिनो आम्लं साखळीत जखडलेल्या प्रथिनाच्या रूपात. सुटी अमिनो आम्लं अगदी थोडी. कणगीत जोंधळा आहे, पण पीठ मूठभरच, अशी ही गत. मूठभर पिठावर पहिली भाकरी होते, पुढे दळावंच लागतं. हे जातं म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीवरचं केसिन तोडणारं एन्झाइम.

सांगलीकडच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली. तिथे लॅक्टोकोकस लॅक्टिस या विरजणातल्या जिवाणूचं एक वाण पुन्हा पुन्हा नव्या दुधात लावता लावता एकदम मंदावलं. बारा तास झाले तरी दूध वाहतंच. सुटी अमिनो आम्लं असलेला यीस्टचा अर्क चिमूटभर घातला आणि तेच वाण जोमानं वाढलं. जिवाणू जिवंत होते, साखरही समोर होती. त्यांनी फक्त जातं गमावलं होतं. तो फ्लास्क हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते, इतका आनंद झाला होता.

योगर्टमध्ये तर दोघांचा संसार असतो. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस केसिन तोडतो, त्याचे तुकडे स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलसला मिळतात. थर्मोफिलस बदल्यात फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड देतो, त्यावर बल्गेरिकस वाढतो. एकेकटे ठेवले तर दोघेही रेंगाळतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे. उकळल्यानं काही जीवनसत्त्वं थोडी घटतात हे खरं, पण विरजणाचा त्यात फायदाच होतो. दुधात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो, आधीचे बहुतेक जंतू मरतात, जिवाणूंची वाढ रोखणारे निरशा दुधातले नैसर्गिक घटकही निकामी होतात. दूध बराच वेळ तापलं तर फॉर्मिक आम्लाचा अंशही तयार होतो. शिवाय निवळीतली प्रथिनं उलगडून केसिनला चिकटतात; कवडीसारखं घट्ट दही त्यामुळेच पडतं, पाणीही कमी सुटतं. तेव्हा चांगली उकळी आणा, मंद आचेवर पाच-दहा मिनिटं ढवळत ठेवा, बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावा. गाईचं पातळ दूध असेल तर लिटरमागे दोन चमचे दुधाची पावडर घाला. तिच्यानं प्रथिनं वाढतात.

एवढं करूनही दही लागलं नाही, तर म्हशीला दगडी (कासेचा दाह) झाली होती का, सडात औषधाची ट्यूब सोडली होती का, ते आठवा. प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरतो आणि थर्मोफिलस त्याला फार लवकर बळी पडतो. तसं असेल तर पशुवैद्यांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध विरजणालाही नको, घरातल्या पोरांनाही नको आणि डेअरीलाही घालू नका.