फोटोतली माशी ओळखताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुंडीतला सांबार (कोथिंबीर) फुलावर आलाय. सकाळी त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बारक्या मधमाश्या असतात. फोटो पाठवतोय. नातवंडं गच्चीवर खेळतात, चावतील का? (वाचक, धरमपेठ)

उत्तर : चावणार नाहीत, कारण या मधमाश्या नाहीत. ही सिरफिड माशी आहे आणि तिला डंखच नसतो. अंगावरचे पट्टे हे निव्वळ मधमाशीचं सोंग.

फोटोत आधी मिशा बघा. तुमच्या माशीच्या मिशा इतक्या आखूड आहेत की दोन डोळ्यांच्या मध्ये दोन ठिपके ठेवल्यासारखं वाटतं. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकवल्यासारख्या असतात. पंख मोजायला अनेकजण सांगतात. माशीला दोन, मधमाशीला चार, हे खरंच आहे. पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे फोटोत चारचे दोनच दिसतात आणि तिथेच फसगत होते. बाजूने काढलेल्या तुमच्या दुसऱ्या फोटोत पंखाच्या बुडाशी टाचणीसारखा एक फिकट दांडा दिसतो. तो संतोलक, म्हणजे मागच्या पंखाचा उरलेला अवशेष. तो दिसला की माशीच.

डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतील तर नर, मधे फट असेल तर मादी. तुमची मादी आहे. ती मावा (रस शोषणारे बारीक किडे) असलेल्या कोवळ्या शेंड्यांवर सुटी सुटी पांढरी अंडी घालते. त्यातून निघणारी अळी बिनपायांची, फिकट हिरवी, तोंडाकडे निमुळती. लोक तिला पानं खाणारी अळी समजून चिरडतात, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण ती एकटी शेकडो मावा फस्त करते. तेव्हा सांबारावर फवारणी करू नका.

जात सांगायला मात्र पंखाच्या शिरा दिसायला हव्यात. पुढच्या वेळी वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा, असे तीन फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा. त्याने पंख चकाकतात आणि शिरा पुसल्या जातात. त्याऐवजी उन्हाच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद धरा. मोबाइलचा झूम ताणू नका, त्यात नवं काही दिसत नाही, फक्त चित्र फाटतं. चिमट्याने लावायची मॅक्रो भिंग असेल तर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात सकाळी माश्या गारठून बसलेल्या असतात, तेव्हा अगदी जवळ जाता येतं. मे महिन्यात सातच्या आत उरका. माशी उडून गेली की त्याच फुलाशेजारी मिलिमीटरची पट्टी धरून तेवढ्याच अंतरावरून एक फोटो घ्या, मापाचा प्रश्न मिटतो. आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक शिरा सगळ्यात आधी जातात.

प्रश्न : आंबिया बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला) संत्रा गळतोय. गळलेल्या फळावरच्या माशीचा फोटो जोडलाय. हीच फळमाशी ना? (वाचक, काटोल)

उत्तर : फोटोतली माशी जेमतेम ३ मिमीची, पिवळट, लाल डोळ्यांची आहे आणि फळ फुटलंय तिथेच बसली आहे. ही ड्रोसोफिला. आंबलेल्या रसाच्या वासाने ती मागाहून येते, तुमचं फळ तिने पाडलेलं नाही. घरात पिकल्या केळ्यांवर घोंगावते तीच. दोघींनाही फळमाशीच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो.

संत्र्याची खरी फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. आकाराने घरमाशीएवढी, पाठीवर दोन्ही कडांना पिवळा पट्टा, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण, आणि पारदर्शक पंखाच्या पुढच्या कडेने सलग बारीक काळपट रेघ. रंगावर भरवसा ठेवू नका, तो तपकिरीपासून काळ्यापर्यंत बदलतो. पंखाची रेघ बघा. रेघ सलग नसून टोकाला फक्त डाग असेल तर ती बॅक्ट्रोसेरा झोनाटा. पाठीच्या मधोमध तिसरा पिवळा पट्टा दिसला तर कारली-दोडक्यावरची फळमाशी.

पण माशी हाती लागण्याआधी फळ चिरून बघा. पांढऱ्या, बिनपायांच्या अळ्या निघाल्या तर फळमाशी. अळ्या नाहीत, फक्त सालीला बारीक गोल छिद्र आणि आतला गर वाळून स्पंजसारखा झालेला, तर तो रात्री येणारा रस शोषणारा पतंग. दोघांचा उपाय वेगळा आहे, म्हणून हे आधी ठरवा.

नक्की करायचं असेल तर अळीचं फळ बरणीत ४-५ सेंमी ओलसर वाळूवर ठेवा आणि तोंडाला कापड बांधा. अळ्या वाळूत शिरून कोषात जातात, त्यानंतर साधारण आठ दिवस ते दोन आठवड्यांत माश्या निघतात. निघाल्याबरोबर फोटो काढू नका. नवी माशी फिकट असते, खुणा उमटलेल्या नसतात. साखरपाण्याचा कापूस देऊन दोन दिवस थांबा. मग बरणी फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) ५-१० मिनिटं ठेवली की माशी सुस्तावते आणि आलेखाच्या कागदावर शांत बसते. मिथिल युजेनॉल या वासाच्या आमिषाच्या सापळ्यातली माशी पाठवणार असाल तर त्यात नरच अडकतात हे ध्यानात असू द्या. अंडी घालायची सुई त्यांच्यात शोधू नका. गळालेली फळं रोज वेचून खोल पुरा, नाहीतर त्यातल्या अळ्या तिथल्याच मातीत कोष करतात.

प्रश्न : संत्र्याच्या पानांवर काळी माशी आहे आणि झाड कोळशीने काळं पडलंय. फोटोवरून जात सांगाल का? (वाचक, कळमेश्वर)

उत्तर : ही माशीच नाही, माव्याच्या आणि पांढऱ्या माशीच्या गोतातली रस शोषणारी कीड आहे. तिला चार पंख असतात. तिच्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी वाढते, ती कोळशी. पानाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा : गोल गोल फिरत्या रांगेत घातलेली अंडी दिसली की ओळख पक्की.

प्रश्न : जास्वंदीच्या पानांवर हिरव्या चमकदार, लांब पायांच्या माश्या पळतात. ॲपने तीन फोटोंना तीन नावं दिली. खरं कोणतं? (वाचिका, मनीषनगर)

उत्तर : डोलिकोपोडिडी कुळापर्यंत खात्री आहे. ५-६ मिमी लांबी, सडसडीत अंग, काटक्यांसारखे पाय, धुरकट पट्ट्यांचे पंख. घाणीवर बसणारी हिरवी माशी जाडजूड आणि केसाळ असते. पुढची जात ठरवायला नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ते फोटोत येत नाही, मग ॲप अंदाजाने नाव चिकटवतं. नोंद कुळापाशीच थांबवा, अर्धवट नावापेक्षा ते बरं. माशी स्वतः बारीक किडे खाते, झाडाला तिचा त्रास नाही.

प्रश्न : कोकोपीटच्या कुंडीतून पाणी घालताच काळ्या चिलटांचा थवा उठतो. डास आहेत का? (वाचक, हिंगणा)

उत्तर : डासाची सोंड फोटोत नाही. मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या, आणि पंखाच्या मध्यावरची शीर टोकाकडे इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली : ही सायरिडी कुळातली बुरशीची माशी, २-४ मिमीची. मातीवर कच्च्या बटाट्याची चकती ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतील. वरचा २-३ सेंमी थर पूर्ण वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. कोकोपीट सतत ओलं राहिलं तर पिवळे चिकट कागद कितीही लावा, अळ्या खाली वाढतच राहतात.