डोक्याला मार लागून ७ आठवडे झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आहे तरी डोकं जड राहतं आणि काही सुधरत नाही. मी पूर्वीसारखा होईन का?

नवव्या आठवड्यात मी रात्री अडीचला मोबाईलचा ब्राइटनेस पार खाली करून हेच शोधत बसले होते, म्हणून लिहितेय.

पावसात स्कूटी घसरली, हेल्मेट होतं, शुद्ध गेली नाही, सीटी नॉर्मल. घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला आणि माझा तिथून सुरू झाला. कुकरची शिट्टी झाली की कानामागे कळ जायची. एकदा मंडईत भाजीवाली म्हणाली "एकशे पस्तीस झाले ताई" आणि मी दोनशेची नोट धरून तशीच उभी, परत किती घ्यायचे तेच सुचेना. मी आठवीला गणित शिकवते हो. रिक्षात बसून रडले.

डॉक्टरांनी नीट समजावलं की सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर असलं दिसतं, कंकशनमध्ये, म्हणजे मेंदूला हादरा बसतो त्यात, मेंदूच्या पेशींचं काम बिघडतं ते सीटीत दिसत नाही. म्हणजे रिपोर्टही खरा आणि तुमचा त्रासही खरा. बहुतेकांना ३ महिन्यांच्या आत बरं वाटतं, काहींचं लांबतं, तुमचं किती लांबेल हे खात्रीने सांगणारी टेस्ट नाही. मी तारीख मागितली, त्यांनी दिली नाही. तेव्हा फार राग आला, आज वाटतं बरं झालं खोटी दिली नाही.

माझं चुकलं ते म्हणजे महिनाभर पडदे लावून पडून राहिले. आराम पहिले २४ ते ४८ तास, मग त्रास फार वाढणार नाही इतपत हळूहळू चालायला लागायचं, २०२२ च्या ॲमस्टरडॅमच्या तज्ज्ञ परिषदेनेही खेळाडूंसाठी हेच सांगितलंय. मी सोसायटीत १० मिनिटांपासून सुरू केलं. मान आखडत असेल, चक्कर येत असेल तर त्याचे व्यायाम घेणारा फिजिओ शोधा, मला सगळ्यात जास्त फरक त्याने पडला.

आणि कालच्याशी तुलना करू नका, वेड लागेल. मी दर रविवारी वहीत दोन ओळी लिहायचे आणि महिन्याने मागची पानं बघायचे, तेव्हाच कळायचं की सुधारतंय. पाचव्या महिन्यात पूर्ण दिवस शाळा जमली. आता २ वर्षं झाली, जागरण झालं की डोकं अजून जड होतं, ते त्या मारामुळे की वयामुळे, देव जाणे. पण परवा ४० पेपर एका बैठकीत तपासले.

डोकेदुखी वाढतच गेली, सारख्या उलट्या झाल्या, फिट आली, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हातपाय बधिर वाटला तर मात्र इथे विचारत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.