चेनवरचा काळा थर साबणाने का निघत नाही?

प्रश्न: माझी गिअरची सायकल आहे, रोज चालवतो. चेन दोनदा साबणाने घासली तरी बोट लावलं की काळं, आणि मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) त्या दोन छोट्या चाकांवर तर डांबरासारखा थर बसलाय. एक मित्र म्हणतो टॉयलेट क्लीनर टाक, दुसरा म्हणतो पेट्रोलमध्ये बुडव. काय करू?

उत्तर: आधी टॉयलेट क्लीनर डोक्यातून काढून टाका, त्यात ॲसिड असतं आणि चेनचं कडक पोलाद त्याने ठिसूळ होऊन चढावर जोर लावताना तुटू शकतं. पेट्रोलही नको, त्याची वाफ लगेच पेट घेते.

तो थर म्हणजे नुसती धूळ नाही हो, जुनं तेल, त्यात चिकटलेली माती आणि चेनचाच झिजलेला लोखंडाचा भुगा असं ते सगळं मिळून झालेलं असतं. एकट्या साबणाला ते झेपत नाही, म्हणून आधी रॉकेल किंवा डीग्रीझर (तेलकट थर काढणारं द्रव) आणि साबण त्यानंतर.

छोट्या चाकांपासून सुरुवात करा, ती सुकीच खरवडायची. लाकडी काडी चाकाच्या कडेला टेकवून पेडल उलटं फिरवा, थराची अख्खी सालं निघतात, हे आधी केलं नाही तर धुतलेली चेन पुन्हा त्याच घाणीतून फिरते. मग क्विक लिंक, म्हणजे चेन जोडणारी उघडता येणारी कडी, उघडून चेन काढा (काही लिंक एकदाच वापरायच्या असतात, ते बघून घ्या), रुंद तोंडाच्या बाटलीत रॉकेल घालून त्यात चेन टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. दोन-तीनदा तरी करा, कारण खरी घाण रोलरच्या (चेनच्या पिनवर फिरणाऱ्या छोट्या नळीच्या) आत असते, ब्रश तिथे पोचतच नाही. वापरलेलं रॉकेल गटारात ओतू नका, तसंच ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुढच्या वेळी चालतं.

कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या, फटींतून डीग्रीझरमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी ओढा. चाक आडवं ठेवून वरून ओतू नका, हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उतरून आतलं ग्रीस धुऊन जातं. आणि डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर थेंबही उडू देऊ नका, पॅड तेलकट झाले की ब्रेक नीट लागत नाही.

आता साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच पूर्ण कोरडं करा, तेल निघालेल्या पोलादावर गंज फार पटकन चढतो. चेन परत बसवून प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल, थोडा वेळ पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं पुसून घ्या. लोक नेमकं हेच करत नाहीत! बाहेर राहिलेलं तेलच तर धूळ धरतं.

आणि चेन परत बसवण्याआधी, ती हातात असतानाच, पट्टीने मोजूनही बघा. नव्या चेनच्या १२ पूर्ण जोड्या, म्हणजे पहिल्या पिनपासून पंचविसावी पिन, बरोबर १२ इंच भरतात. तुमच्या चेनमध्ये इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर ती बदलायला झाली, उशीर केलात तर कॅसेटचे दातेही खाऊन टाकेल.