मेलबर्नला यायचं म्हणताय, तर आधी पिकअपचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं पुण्यात आयटीत, मुलगी साडेतीन वर्षांची. नवऱ्याला मेलबर्नमधून ४८२ व्हिसावर (कंपनीने स्पॉन्सर केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा) वर्षाला १,१०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची ऑफर आली आहे. एवढ्यात भागेल का, मुलीच्या शाळेचं काय, तुम्हाला नोकरी मिळेल का आणि आईबाबांना इकडे आणता येईल का.

पगाराचं सगळेच विचारतात, रुपयांत गुणाकार करतात आणि खूश होतात. आम्ही लहान मूल घेऊन आलो, दुसरं इथेच झालं. त्या अनुभवावरून सांगते, लहान मुलांच्या घरात सगळं येऊन अडतं ते एका प्रश्नाशी: संध्याकाळी सहाच्या आत डेकेअरच्या दारात कोण पोचणार? घर कुठे घ्यायचं, कुठली नोकरी धरायची, दुसरी गाडी लागेल का, हे सगळं त्यावर ठरतं. पुण्यात तुम्ही मीटिंगमध्ये अडकलात तर आई आहे, सासूबाई आहेत, शेजारच्या काकू आहेत, निदान वॉचमनला तरी सांगता येतं. इथे तुम्ही दोघंच.

आता पैसे. ऑफर लेटरमध्ये '१,१०,००० प्लस सुपर' लिहिलंय की 'सुपर धरून', ते पहिल्यांदा बघा. सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखी निवृत्तीची रक्कम. १ जुलै २०२५ पासून ती पगाराच्या १२ टक्के आहे आणि कंपनी भरते. सुपर धरून आकडा असेल तर खरा पगार साधारण ९८ हजारच. २०२५-२६ च्या दरांनी कर जाऊन पहिल्या प्रकारात महिन्याला सात हजारांच्या थोडं वर हातात येतील, दुसऱ्यात साडेसहा हजारांच्या आसपास. (कायमचं परत गेलात तर सुपर काढता येतं, पण त्यातून घसघशीत कर कापून घेतात, त्यामुळे ती बचत म्हणून फार मनात धरू नका.)

घरभाडं इथे आठवड्यावर बोलतात. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या पश्चिमेच्या उपनगरांत तीन बेडरूमचं घर आठवड्याला पाचशेच्या आसपास मिळतं. महिन्याचं काढताना चारने गुणू नका, वर्षाचे ५२ आठवडे धरा. म्हणजे महिन्याला सुमारे २,१७० डॉलर. आणि डेकेअर? दिवसाला १४० डॉलर धरले आणि मुलगी आठवड्याचे पाचही दिवस गेली तर महिन्याला तीन हजार. भाडं आणि डेकेअर मिळून पाच हजार दोनशे झाले. उरलेल्या अठराशेत वाणसामान, गाडी, विमा, वीज, फोन.

इथे लोक तुम्हाला सांगतील, "अहो, सरकार डेकेअरचे पैसे देतं की!" देतं, उत्पन्न बघून अगदी ९० टक्क्यांपर्यंत देतं. पण ती सबसिडी मुख्यतः पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी असलेल्यांसाठी आणि नागरिकांसाठी आहे. ४८२ वाल्यांना साधारणपणे मिळत नाही. मेडिकेअरचंही, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचंही तेच. भारताशी त्याबाबत करार नाही, त्यामुळे सगळ्यांचा खासगी आरोग्य विमा तुम्हालाच काढावा लागतो. तो कंपनी भरणार का, हे सही करण्याआधी विचारा. इथला पहिला शेजारी पीआरवाला निघाला की त्याचा खर्च आणि तुमचा खर्च यांची तुलना करत बसू नका, ती दोन वेगळी गणितं आहेत. त्याच कंपनीत दोन वर्षं झाली की बऱ्याच जणांना १८६ व्हिसावर पीआरसाठी अर्ज करता येतो. म्हणून ती स्पॉन्सर करणार का, कधी करणार, हेही आत्ताच लेखी घ्या. नोकरी सुटली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. पूर्वीपेक्षा ते बरेच जास्त आहेत, तरी घरात लहान मूल असलं की कमीच वाटतात.

तुमच्या नोकरीची मेख इथेच आहे. ४८२ वर जोडीदाराला पूर्ण वेळ काम करायची परवानगी असते, तेव्हा कागदावर अडचण काहीच नाही. पण मुलगी डेकेअरला जात नसेल तर मुलाखतीला जाणार कशा? आणि नोकरी नसताना दिवसाला १४० डॉलर कशाला भरायचे? यातून माझ्या ओळखीच्या बऱ्याच बायकांनी काढलेला मार्ग असा: सुरुवातीला आठवड्याचे दोनच दिवस घ्यायचे. त्या दोन दिवसांत अर्ज, मुलाखती, रिक्रूटरचे फोन. मुलीलाही सवय होते आणि नोकरी लागली की दिवस वाढवता येतात, कारण आत असलेल्यांना जागा लवकर मिळते. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, लग्न झालं की नाही, यातलं काही घालू नका. पहिली नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, पुण्यापेक्षा एक पायरी खालची मिळाली तर घ्या. 'लोकल एक्स्पीरियन्स' हा इथला आवडता शब्द आहे. तो मिळवायला कुठेतरी शिरावं लागतंच.

तुमची मुलगी तीन वर्षांची झालेली आहे, म्हणजे किंडरही (शाळेआधीची बालवाडी) आहे. व्हिक्टोरिया राज्यात २०२३ पासून तीन आणि चार वर्षांच्या मुलांचं किंडर मोफत आहे, उत्पन्नाची अट नाही. ऐकायला छान वाटतं. फक्त ते सहसा आठवड्याला १५ तासांपर्यंतच असतं. सोमवार, बुधवार, गुरुवार नऊ ते दोन असं काहीतरी. दोघं नोकरीला असाल तर दोन वाजता कोण जाणार? म्हणून बहुतेक नोकरदार घरं डेकेअरमध्येच चालणारं किंडर घेतात, तिथे मोफतऐवजी फीमध्ये सूट मिळते. शाळेत पहिला वर्ग 'प्रेप'. त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण हवीत आणि शाळा जानेवारीच्या अखेरीस सुरू होते, जूनमध्ये नाही. सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते, तेव्हा भाड्याचं घर बघताना ते कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं ते बघा. परदेशी मुलांची सरकारी शाळेतली फी राज्यागणिक आणि व्हिसागणिक बदलते. सिडनीच्या मित्राने सांगितलेलं मेलबर्नला लागू होईलच असं नाही.

लसीकरणाचं कार्ड हातच्या बॅगेत ठेवा. इथे डेकेअर आणि किंडरला प्रवेश देताना सरकारी लस-नोंदवहीतलं प्रमाणपत्र मागतात. आपलं कार्ड जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे न्यायचं, तो नोंद करतो, राहिलेल्या लसी देतो, मग प्रमाणपत्र निघतं. यात काही आठवडे सहज जातात. आल्या आल्या लागा या कामाला.

पहिल्या हिवाळ्याबद्दल कोणी सांगत नाही, मी सांगते. मूल डेकेअरला जायला लागलं की सतत आजारी पडतं. नाक तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाहतच असतं, त्याला इथे कोणी आजारपण म्हणत नाही. पण ताप आला की अकराच्या सुमारास फोन येतो, "प्लीज पिक हर अप." उलट्या-जुलाब झाले तर ते थांबल्यावरही एक-दोन दिवस पाठवता येत नाही. न पाठवलेल्या दिवसाची फी मात्र लागते, सरकारी सुट्टीचीसुद्धा. आणि संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेनंतर पोचलात तर उशिराची वेगळी फी. कायम नोकरीत वर्षाला दहा दिवस आजारपणाची रजा असते, तीच मुलाच्या आजारपणातही वापरता येते. ती पहिल्या हिवाळ्यातच संपते. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर बहुतेकदा तीही नसते. पण एक गोष्ट इथल्या बाजूने बोलायला हवी: "मुलीला ताप आहे, निघतो" असं बाप्यामाणसाने म्हटलं तर ऑफिसात कोणाची भुवई वर जात नाही. माझा नवरा पुण्यात असता तर असा निघाला असता का, शंकाच आहे.

घरातल्या कामांचं वेगळं सांगायला नको. बाई नाही. तासावर सफाईला माणसं मिळतात, पण तासाचा दर ऐकून आपण आपला झाडू उचलतो. तुमच्या नवऱ्याला रोजचा वरणभात, एक भाजी आणि कपड्यांच्या घड्या एवढं येत नसेल तर पुढचे काही महिने शिकवणी घ्या. मी हे गमतीत लिहीत नाही. इथे पाहिलेली बरीच भांडणं डॉलरवरून झालेली नाहीत, संध्याकाळी साडेसहाला ओट्याशी कोण, यावरून झालेली आहेत.

म्हणून घर. मोठं घर, चौथी बेडरूम, मागे हिरवळ, याच्या मोहात शहरापासून फार लांब जाऊ नका. डेकेअर, घर आणि स्टेशन एकमेकांपासून दहा मिनिटांत असेल असं बघा. टार्नीटहून शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला ट्रेन चांगली आहे, पण सकाळी स्टेशनचं पार्किंग लवकर भरतं आणि ट्रेन रद्द झाली की पिकअप कोलमडतो. घर मिळवताना इथला भाड्याचा इतिहास मागतात, तो तुमच्याकडे नसणार. ऑफर लेटर, बँकेतली शिल्लक आणि पुण्याच्या घरमालकाचं इंग्रजीत पत्र जोडा. एक महिन्याचं भाडं बॉन्ड, म्हणजे डिपॉझिट म्हणून जातं, ते घरमालकाकडे न राहता सरकारी प्राधिकरणाकडे जमा होतं. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून कंडिशन रिपोर्टला (घराच्या स्थितीची नोंद) जोडा. फ्रिज, वॉशिंग मशीन सहसा घरात नसतं. फेसबुक मार्केटप्लेसवर स्वस्तात मिळतात.

गाडीशिवाय पश्चिमेत मुलं घेऊन राहणं कठीण. आपल्या लायसन्सवर सहा महिने चालवता येते, नंतर इथलं लागतं: लेखी, हॅझर्ड परसेप्शन (धोका ओळखण्याची चाचणी) आणि प्रत्यक्ष चाचणी. पंधरा वर्षं पुण्यात गाडी चालवलेले लोक यात हमखास नापास होतात, कारण मान वळवून बघायची सवय नसते आणि राउंडअबाउटमध्ये आधीच शिरलेल्या गाडीला थांबून जाऊ द्यायचं असतं. दोन-तीन वर्ग इथल्या शिकवणाऱ्याकडे घ्याच. सात वर्षांखालच्या मुलाला कारसीट कायद्याने लागते आणि ती ऑस्ट्रेलियन मानकाचीच हवी. भारतातून आणलेली चालत नाही, ते वजन वाचवा.

आईबाबांचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. भेटीचा व्हिसा मिळतो, ६०० नंबरचा, तीन, सहा किंवा बारा महिन्यांचा. त्यावर बहुतेकदा 'इथे राहून पुढची मुदत मागता येणार नाही' अशी अट असते. त्यांचा आरोग्य विमा न विसरता काढा. कायमचं आणायचं तर कॉन्ट्रिब्युटरी पॅरेंट व्हिसाला माणशी ४५ हजार डॉलरहून जास्त लागतात आणि नव्या अर्जाला दहा वर्षांपेक्षा जास्त थांबावं लागतं. स्वस्तातल्या व्हिसाची रांग तर तीस वर्षांच्या पुढे आहे. शिवाय किमान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा इथे जास्त हवीत. तुमचे दोन्ही भाऊ पुण्यात आहेत म्हणता, म्हणजे तुमचे आईबाबा त्यात बसत नाहीत. तुमचा नवरा एकुलता एक, त्याला पीआर मिळाला की सासू-सासरे बसतात. ही गोष्ट घरात आत्ताच बोलून घ्या, नंतर ती फार टोचते. ८७० नावाचा तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, त्याला ही अट नाही, पण स्पॉन्सर करणारा पीआर किंवा नागरिक असावा लागतो.

फोनवर आजी-आजोबा रोज भेटतील असं वाटतं ना? आम्ही साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात इथे घड्याळं तासाने पुढे करतात, तेव्हा साडेपाच. सकाळी मुलगी उठते तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली. ती साडेसातला झोपते तेव्हा आजीची वामकुक्षी चाललेली. आम्ही आजीचा फोन डेकेअरहून घरी येताना गाडीत लावतो, तिकडे जेवणाची वेळ असते. ताटात काय आहे यावर रोज चर्चा होते. बाकी गप्पा शनिवारी.

शनिवार-रविवार मात्र इथे खरंच छान जातात. लायब्ररीत मुलांसाठी गोष्टी-गाण्यांचे वर्ग फुकट, बागेत फुकट वापरता येणाऱ्या विजेच्या शेगड्या, त्यामुळे वाढदिवस बागेतच होतात. महाराष्ट्र मंडळाचा गणपती आहे, रविवारची मराठी शाळा आहे. मुलगी वर्षभरात तुम्हाला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागेल. तुम्ही मराठीत बोलत राहा, तिला समजत असतं. २०२१ च्या ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाख लोक होते, तेव्हा कढीपत्ता, पोहे, बाकरवडीची चिंता सोडा.

जे आणाल ते विमानातल्या कार्डावर डिक्लेअर करा, अगदी मेतकूटसुद्धा. डिक्लेअर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड मोठा आहे. ताजी पानं, बिया, दुधाची मिठाई आणू नका. गोडा मसाला बंद पाकिटात आणा. पितळी भांड्यांत वजन घालवू नका. मिक्सर मात्र आणाच, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त पिन बदलावी लागते.